जखमेच्या तळाचे लाल दाणे

खोल जखम चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रेसिंग काढून नीट निरखली तर तळाला ओलसर, लालभडक, बारीक दाणेदार थर दिसतो. बोळा जरा जोरात घासला की त्यातून लगेच रक्त टिपकतं. याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. प्रत्येक दाण्यात नव्या केशवाहिन्यांची वेटोळी असतात, म्हणून तो रंग आणि म्हणूनच तो नाजूकपणा.

गंमत अशी की या वाहिन्यांना बोलावणं धाडणाऱ्यांत त्वचेच्या वरच्या थरातली केराटिनोसाइट पेशी असते, आणि तिच्या थरात मुळात एकही रक्तवाहिनी नसते! केशवाहिनीतून प्राणवायू झिरपून पोचतो तो जेमतेम 100 ते 200 मायक्रोमीटरपर्यंत. जखमेत वाहिन्या तुटतात आणि कडेच्या पेशी गुदमरतात. हे त्यांना कळतं कसं? एचआयएफ-1 अल्फा नावाचं प्रथिन पेशी सतत बनवते आणि सतत मोडतही असते. मोडण्यासाठी त्यावर आधी एक रासायनिक खूण करावी लागते आणि त्या खुणेला प्राणवायू लागतो. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफ या, नव्या वाहिन्या फुटायला लावणाऱ्या वाढीच्या घटकाचं जनुक चालू करतं. हा उलगडा करणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

व्हीईजीएफ आधी वाहिनीला गळकी करतं. त्या गळतीतून फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन बाहेर येऊन फायब्रिनचं जाळं धरतं, म्हणजे पुढच्या कामाची परांचीच बांधली जाते. मग वाहिनीच्या अस्तरातली एखादी पेशी पुढे सरते, तंतू बाहेर काढून चाचपडत व्हीईजीएफच्या वासाच्या दिशेने निघते आणि शेजारणींना डीएलएल4 या प्रथिनाच्या स्पर्शाने ‘तुम्ही मागेच थांबा’ असं बजावते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी होणार कशी? मागच्या पेशी विभागून नळी लांबवतात.

दिशा मात्र फायब्रोब्लास्ट या आधाराची जाळी विणणाऱ्या पेशीमुळे टिकते. व्हीईजीएफचे काही प्रकार त्याने विणलेल्या जाळीला चिकटून राहतात, त्यामुळे जवळ जास्त, लांब कमी असा उतार तयार होतो. सगळंच मोकळं पसरलं असतं तर वाहिन्या वेड्यावाकड्या फुटल्या असत्या. या जाळीतलं कोलॅजन पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी पडलं तर नव्या वाहिन्यांना आधार राहत नाही आणि त्या सहज फुटतात. शेवटी पेरिसाइट पेशी बाहेरून कवटाळून नळी पक्की करतात.

बिघडतं कुठे? मधुमेहात साखर चढलेली असली की एचआयएफचा इशाराच मंदावतो. शिवाय जुनाट जखमेतले प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं, वाढीचे घटक कापून टाकतात. त्यामुळे वरून घटक ओतला की झालं, असं नसतं. 1997 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं, असाच एक वाढीचा घटक असलेलं बेकाप्लर्मिन जेल (0.01 टक्के) पायाच्या मधुमेही जखमेवर वापरतात, पण आधी मेलेला भाग खरवडून काढावा लागतो आणि पायाला रक्त पुरेसं पोचत असावं लागतं. मोठी धमनीच तुंबलेली असेल तर केशवाहिन्या फुटतील कुठून? असा तळ फिकट, निस्तेज राहतो. तिथे मलम बदलत बसण्यापेक्षा रक्तपुरवठा तपासणं पहिलं काम.

कोरडी गॉझ चिकटवून ओढून काढली तर दाण्यांसकट वाहिन्या उपटल्या जातात. आधी सलाइनने भिजवावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस दिसायला समाधानकारक असतो, पण तो फायब्रोब्लास्टही मारतो. उलट दाणे कडेच्या वर फुगले तर केराटिनोसाइटना तो उंचवटा चढता येत नाही आणि जखम मिटायची थांबते. कर्करोगावरचं औषध बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफलाच अडवतं, म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी ते किमान 28 दिवस बंद ठेवतात. नंतरही किमान तितकेच दिवस जाऊन जखम पूर्ण भरल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत.

जखम मिटल्यावर या जादा वाहिन्या लागत नाहीत. थ्रॉम्बोस्पॉन्डिनसारखे घटक त्यांची छाटणी करतात. ती महिनोन्‌महिने चालते, म्हणून व्रण आधी लाल असतो आणि मग हळूहळू पांढुरका पडतो.