कीबोर्ड घ्यायला जाताना फूटपट्टी न्या

मुलाचा पहिला कीबोर्ड घ्यायला पुण्यात लक्ष्मी रोडला जाणार असाल, तर पिशवीत तीस सेंटिमीटरची फूटपट्टी टाका. दुकानात आधी आवाज ऐकवतात: बासरी, ढोल, व्हायोलिन. ऐका, पण मोजायच्या त्या पट्ट्या. सलग सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १६.५ सेंटिमीटर भरली, तर पट्ट्या पूर्ण मापाच्या. बरीच कमी भरली तर त्या मिनी. मूल लहान म्हणून पट्ट्याही लहान, हा हिशेब चुकतो. हाताला सा ते प हे अंतर न बघता सापडायला हवं. ते मिनी मापावर बसलं, की क्लासमधल्या मोठ्या कीबोर्डवर बोट शेजारच्या पट्टीवर पडतं.

पट्ट्या ६१ असाव्यात, म्हणजे पाच सप्तकं. त्यात पांढऱ्या ३६, म्हणून कीबोर्ड जवळजवळ एक मीटर जागा खातो. घरातली जागा आधी मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: टच रिस्पॉन्स. हळू दाबलं की हळू वाजणं, जोरात दाबलं की मोठं. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन संपर्क असतात, आणि ते एकापाठोपाठ किती चटकन जुळले यावरून दाबण्याचा वेग कळतो. टच नसेल तर प्रत्येक स्वर एकाच जोराने वाजतो. मुलाचं बोट मग जोर कमी-जास्त करायला शिकतच नाही, आणि ती सवय नंतर मोडायला फार कष्ट पडतात. कॅसिओचे सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० दिसायला सारखेच, पण टच ३०० मध्येच आहे. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ मध्ये टच नाही, ई३७३ मध्ये आहे. चारशे आवाजांऐवजी या एका सोयीला पैसे मोजा. दुकानात पियानोचा आवाज लावून एकच पट्टी आधी हलकेच, मग जोरात दाबून बघा. फरक जाणवला नाही, तर सेटिंगमध्ये टच बंद आहे का तेही विचारा.

मूल गाणंही शिकत असेल तर ट्रान्सपोज लागेल, म्हणजे बोटं त्याच पट्ट्यांवर ठेवून सूर वर-खाली सरकवायची सोय. काळी चारमध्ये (म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाणाऱ्या मुलीला पांढरी एकवरून वाजवायचं असेल, तर ट्रान्सपोज उणे चार, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. पण पहिलं वर्षभर ते शून्यावरच ठेवलेलं बरं. नाहीतर बोट एका पट्टीवर आणि कानात दुसराच स्वर, अशी गल्लत होते, आणि क्लासमध्ये सगळ्यांबरोबर वाजवताना ती उघडी पडते.

कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर कीबोर्डची उंची. मुलाचे खांदे वर चढतात. फोल्डिंग स्टँड इतका खाली घ्या की कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

ॲडॉप्टर कंपनीचाच घ्या. तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून दुसरा आणायची वेळ आलीच, तर व्होल्ट जुळतात का बघाच, शिवाय पिनचा मधला भाग धन की ऋण, हे चिन्ह जुन्या ॲडॉप्टरशी ताडून पाहा. उलटं लागलं तर कीबोर्ड बिघडू शकतो. वीज गेली, तर सेलवर चालतो का हेही बघून ठेवा. कित्येक मॉडेलना पेन्सिल सेल सहा लागतात.

“कीबोर्ड बंद पडला” ही तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसतेच. अर्धा तास हात लावला नाही की बरेच कीबोर्ड आपोआप बंद होतात. आणि हेडफोनची पिन लावलेली राहिली की स्पीकर गप्प बसतो.

जुना घेत असाल तर सगळ्या ६१ पट्ट्या डावीकडून उजवीकडे, आधी हळू आणि मग जोरात वाजवा. एखादी पट्टी मध्येच मुकी होत असेल किंवा कितीही हळू दाबली तरी मोठ्यानेच वाजत असेल, तर बहुधा खालच्या रबरी संपर्कावर धूळ किंवा पावसाळी दमटपणा बसलेला असतो. असा कीबोर्ड उघडून साफ करता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. शेवटी सेलचं झाकण उघडा. आत हिरवट-पांढरा थर दिसला, तर तो कीबोर्ड घेऊ नका.