उघडीप मिळेपर्यंत

बुधवार, रात्री

आई लंडनला येऊन अकरा दिवस झाले, त्यातले सात पावसात गेले. ग्रिनिचची टेकडी, रिचमंड पार्कातली हरणं, थेम्सच्या काठाकाठाने लांबवर चालणं, असं सगळं महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं. सगळंच उघड्यावरचं. आई रोज सकाळी साडीवर स्वेटर चढवून, पायात मोजे घालून खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "उघडीप मिळाली की निघू."

कोकणात, खेडला आमच्या घरी सगळं उघडिपीवरच चालतं. वलणीवरचे कपडे, लाकूडफाटा, बाजार, दवाखाना. सर येते, कोसळते, निघून जाते. मग तासभर ऊन पडतं आणि त्या तासात कामं उरकायची. हा हिशेब आईच्या हाडीमाशी खिळलेला आहे. माझ्याही होता. लंडनला आल्यावर पहिले दोन हिवाळे मी असेच खिडकीत बसून घालवले. इथे वर्षभरात जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त होतो. पण तेवढाच पाऊस इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. पागोळ्या नाहीत, मातीचा वास नाही, गडगडाट क्वचितच. आभाळ नुसतं खाली उतरून बसतं आणि भुरभुर चालू राहते. अशा पावसात उघडिपीची वाट बघितली की दिवस हातचा जातो, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

आज सकाळी आई काहीच बोलली नाही. मुगाची डाळ निवडत बसली. पाकिटातली, निवडलेलीच डाळ. मला राहवेना. म्हटलं, "ऊठ आई, छत्री घे. पाऊस राहू दे त्याच्या जागी."

बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. समोर एवढी मोठी काच, काचेवर ओघळ, खाली छत्र्यांचे गोल. पावसात शहर बघायला याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही. शिवाय पहिल्या बसचे पैसे दिले की तासाभरात कितीही बस बदलता येतात. आई दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसली होती, झाडाच्या फांद्या काचेवर घासल्या की मागे सरकायची.

लिंकन्स इन फील्ड्सच्या १३ नंबरच्या घरात गेलो, सर जॉन सोनच्या. आता ते संग्रहालय आहे. पावसाळी दिवशी कुठे जाऊ असं कोणी विचारलं तर मी पहिलं नाव याचं घेते. तिकीट नाही. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून दारात थोडं ताटकळावं लागतं. छत्री दाराशी ठेवायची, फोन बंद करायचा.

सोन हा गवंड्याचा मुलगा, पुढे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुकार झाला. आयुष्यभर जमवलेल्या मूर्ती, पुतळे, खांबांचे तुकडे, चित्रं यांनी त्याने राहतं घर छतापर्यंत भरलं आणि १८३३ साली पार्लमेंटचा कायदाच करवून घेतला की माझ्या मागे हे घर जसं आहे तसंच राहावं, लोकांना बघायला मिळावं. तो गेला १८३७ मध्ये. चित्रांची खोली आपल्या माजघराहूनही लहान, पण त्यात शंभराहून जास्त चित्रं मावली आहेत. कशी, ते तिथल्या माणसाने दाखवलं. त्याने भिंतीला हात घातला आणि भिंत कपाटाच्या दारासारखी उघडली. आत आणखी चित्रं. दुसरी भिंत उघडली तर तिच्यामागे खोलीच नाही, एकदम खाली तळघर दिसतं. आई दोन पावलं मागे आली आणि माझा हात धरला.

तळघरात सेती पहिला या इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी आहे, तीन हजार वर्षांहून जुनी, एका अखंड दगडातून कोरलेली. आतबाहेर बारीक अक्षरं आणि चित्रं. ब्रिटिश म्युझियमने ती नाकारली, तेव्हा १८२४ मध्ये सोनने २,००० पौंडांना घेतली. पण आईचं लक्ष पेटीवर फार वेळ राहिलं नाही. ती वर बघत होती. बाहेर राखेच्या रंगाची दुपार, आणि आत मात्र ऊन उतरल्यासारखा उजेड. सोनने छताच्या झरोक्यांना पिवळी काच बसवली आहे. लंडनचं मळभ त्याला ठाऊक होतं, म्हणून जो काही उजेड मिळेल तो त्या काचेतून सोनेरी करून घरात घ्यायचा. न्याहारीच्या खोलीत बहिर्गोल आरसे लावलेत, तो उजेड कोपऱ्याकोपऱ्यात पोचावा म्हणून.

आई म्हणाली, "हे आपलं काचेचं कौल गं."

खरंच की. आमच्या माजघरात चुलीच्या वर एक काचेचं कौल आहे. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असल्या की तेवढाच चौकोन उजेडाचा, त्यात बसून आजी तांदूळ निवडायची. या घरात मी चार वेळा येऊन गेले, माझ्या डोक्यात ते कधी आलं नाही. आईला पाच मिनिटांत दिसलं. मग आम्ही पुन्हा वर जाऊन प्रत्येक झरोका नीट बघितला. दीड तास झाला तरी तिला निघवत नव्हतं.

गुरुवार

घरीच. कपडे हीटरवर वाळत घातले. आई म्हणाली, चुलीवरच्या वलणीची ऊब निराळी, कपड्यांना धुराचा वास यायचा. कुळथाचं पिठलं केलं.

शुक्रवार, रात्री

शुक्रवारी नॅशनल गॅलरी नऊपर्यंत उघडी असते. ऑफिस सुटल्यावर आईला ट्रफाल्गर चौकात घेऊन गेले. इथेही तिकीट नाही. पावसाच्या दिवशी याचा खरा उपयोग होतो. पैसे भरले नसले की सगळं बघून संपवायची घाई राहत नाही. मी आईला सांगितलं, आज एकच चित्र बघायचं.

टर्नर या इंग्रज चित्रकाराचं, १८४४ सालचं, पाऊस, वाफ आणि वेग यांचं. लांबून पिवळ्या-करड्या धुक्याचा एक लोट दिसतो. जवळ गेलं की त्यातून पूल येतो, थेम्सवरचा मेडनहेडचा, ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला. पुलावरून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची आगगाडी सरळ आपल्या अंगावर येते आहे. इंजिनाच्या तोंडाशी लाल-पांढरी धग. डावीकडे खाली नदीत एक लहानशी होडी. पाऊस असा वेगळा काढलेलाच नाही, अख्खं चित्रच भिजलेलं आहे. टर्नर तेव्हा सत्तरीला टेकला होता आणि आगगाडी ही जगात नवी गोष्ट होती.

आईसाठी बाक शोधला. ती बसली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या पावसात गाडी इतकी जोरात? आपल्याकडे वेग कमी करतात."

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. आमच्या घरामागून रूळ जातात. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. तेव्हापासून पावसाळा म्हटलं की मला आठवतो तो रात्री रुळांवरून कंदील घेऊन चालणारा गस्तवाला. दरड आली का, पाणी चढलं का, बघत चालायचा. कंदिलाचा ठिपका आमच्या खिडकीतून हळूहळू सरकत जायचा. तो पलीकडे दिसेनासा होईपर्यंत आई झोपायची नाही. हे तिने आज त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा सांगितलं.

मग मी तिला ससा दाखवला. इंजिनाच्या पुढे, रुळांवर, जिवाच्या आकांताने पळणारा ससा आहे त्या चित्रात. रंग विरल्यामुळे आता जवळजवळ दिसत नाही, तपकिरी पुसट रेघ उरली आहे. आईने चष्मा पुसला, उठून गेली, पुढे वाकली. राखणदार बाई तिच्याकडे बघायला लागली तशी मागे सरकली, पुन्हा वाकली.

"आहे," म्हणाली. "कान मागे टाकलेत बघ त्याने."

मला इतक्या वर्षांत त्याचे कान कधी दिसले नव्हते. अजूनही नीट दिसत नाहीत.

शनिवार, सकाळ

पाऊस आहेच. आज चॉक फार्मला, १० किंग हेन्रीज रोडवर जायचं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. शाळेत तीस वर्षं आईने मुलांना त्यांचा धडा शिकवला आहे. निघण्याआधीच तिने यादीत ते घर पहिलं लिहिलं होतं आणि मी चांगल्या हवेसाठी राखून ठेवलं होतं. वेळ उरला तर पुढच्या आठवड्यात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून तिथवर १८८५ चा भुयारी रस्ता आहे, त्यातून गेलं की छत्री उघडावी लागत नाही.

आत्ता बाबांना फोन केला, तिकडे साडेबारा वाजले होते. आईने आधी सशाचं सांगितलं, मग सोनच्या पिवळ्या काचांचं, आणि माजघरातलं कौल यंदा बदलून घ्या, तडा गेलाय त्याला, असंही. मग आवाज बदलला.

"अहो, परतीचा थांबला का? भात आडवं झालं असेल खालच्या खाचरातलं."

बाबा म्हणाले, कालपासून उघडीप आहे, चार गडी मिळाले, कापणीला लावलेत. आईने फोन धरूनच डोळे मिटले. नंतर कितीतरी वेळ ती त्यांना विचारत होती, पेंढे कुठे रचलेत, ताडपत्री बाहेर काढली का, उन्हाची धग किती आहे.