तिरपं ऊन आणि रेतीची मगर

वाळूचं शिल्प टिकत नाही, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवायचा, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. रेतीत निम्मं काम हाताचं आणि निम्मं उन्हाचं. उन्हाने केलेलं कॅमेऱ्यातच धरता येतं, म्हणजे फोटो हाही त्या कामाचाच भाग झाला.

बडोद्यात घराजवळची नदी विश्वामित्री, पण तिथे मगरींचं राज्य. म्हणून हिवाळ्यात एखाद्या रविवारी भाच्याला घेऊन मी सिंधरोटला, महीच्या काठी जाते. मगरींना भिऊन इतक्या लांब यायचं आणि करायचं काय, तर मगरच! हट्ट त्याचा.

रेती ओली हवी, चिंब नको. कणाकणांत पाण्याचे इवले पूल तयार होतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी वाढलं की पूलच बुडतात, मग सगळं घसरतं. २०१२च्या एका अभ्यासात तर आकारमानाच्या साधारण १ टक्का पाणी सर्वांत चांगलं असं निघालं. आम्ही कुठलं मोजतो? मुठीत दाबून लाडू वळला की कामाला लागायचं.

पाठीवरचे खवले चमच्याच्या टोकाने उठवले. सूर्य वर होता तोवर त्यातलं काहीच दिसेना. "मावशी, ही मगर आहे की गटार खणून काढलेली माती?" पाचच्या सुमाराला ऊन आडवं झालं, खवल्याखवल्याला सावली फुटली आणि शेपटीसुद्धा वळली. आम्ही बोटही लावलं नव्हतं. मग तो रेतीवर पालथा पडून फोटो काढायला लागला. त्यातला एक उलटा धरून बघितला तर खड्डे उंचवटे झालेले! उजेड वरूनच येणार, असं डोळे गृहीत धरतात.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ साली कॅलिफोर्नियात ओशिआनोच्या वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढले. घडण वाऱ्याची, रेखाटन उन्हाचं, त्याने फक्त वेळ साधली. 'फक्त' म्हणायला सोपं आहे. आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स विद्याशाखेचे ज्योती भट्ट स्वतः चित्रकार आणि मुद्राचित्रकार, पण १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरले. बायकांनी भिंतींवर, अंगणांत काढलेली चित्रं त्यांनी टिपली आणि बऱ्याचदा ती काढणारी बाईही त्याच चौकटीत घेतली. मला ते फार आवडतं. नुसती नक्षी घेतली असती तर ती कापडाच्या दुकानातही चालली असती.

आमच्या फोटोत मात्र मगरीशेजारी माझी चप्पल आली आहे. भाचा म्हणतो, राहू दे, आकार कळतो.

पुढच्या वेळी मित्राचा ड्रोन आणायचं त्याच्या मनात आहे. आण म्हटलं, पण भर दुपारी उडवू नकोस. वरून पुन्हा गटाराची मातीच दिसेल.