आमची वाटचाल: चार अक्षरं, आ आणि काना

मुलांना मराठी वाचायला शिकवणाऱ्या कार्डांचा आमचा पहिला संच दिसायला फार देखणा होता. चित्रं माझ्या बहिणीची, शब्द आणि मांडणी माझी. जाड पुठ्ठ्याची कार्डं, वर मोठं चित्र, खाली एक शब्द. मी तेव्हा पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. शाळेतल्या बाईंनी आणि ओळखीच्या पालकांनी ती हातोहात नेली, आणि त्याच भरात नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं आम्ही ठरवलं.

मग एक दिवस सहा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर सगळी कार्डं धडाधड वाचत सुटली. मला केवढा आनंद झाला! सहज म्हणून मी एका कार्डावरच्या चित्रावर तळहात ठेवला. ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हात काढा ना, मला दिसत नाहीये." शब्द तिच्यासमोर पूर्ण उघडा होता.

तिला बाराखडी येत होती, एकही चूक न करता. पण मधल्याच 'की'वर बोट ठेवलं, की ती 'क'पासून म्हणत म्हणत तिथवर पोचायची. पाठ म्हणणं आणि वाचणं यांत मी वर्गात इतकी वर्षं फरकच केला नव्हता, हे त्या दिवशी कळलं. शिल्लक संच आम्ही विकले नाहीत. आमच्यासाठी ते नुकसान मोठं होतं, पण हात ठेवल्यावर जे दिसलं ते माहीत असताना तीच कार्डं कुणाच्या मुलाला देणं शक्यच नव्हतं.

नव्या संचात चित्र कार्डाच्या मागे गेलं. आधी वाचायचं, मग उलटून बघायचं, बरोबर आलं का. एवढ्याशा बदलानं मुलांची नजर अक्षरावर थांबू लागली.

खरा वेळ गेला तो अक्षरांच्या क्रमावर. क ख ग घ ङ हा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे आणि अतिशय सुंदर आहे, पण पाच अक्षरं शिकून मुलाच्या हाती वाचण्याजोगे शब्द जेमतेम येतात, आणि सुटा 'ङ' तर त्याला कुठे भेटतच नाही. 'ग म भ न' हा क्रम हाताला वळण लावायला चांगला. वाचायला मात्र 'म' आणि 'भ' शेजारी शेजारी आले की गोंधळ होतो. घ-ध, थ-य यांचंही तसंच. आम्ही अशा जोड्या एकमेकींपासून काही आठवडे लांब ठेवतो.

शेवटी म, क, न, ल ही चार अक्षरं, आ आणि काना यांवर आम्ही थांबलो. एवढ्यावर नाक, कान, मान, काम, मका, माल, लाल, काल, मला, कमान, कमाल, मामा, काका सगळे येतात. वाक्यसुद्धा होतं: "मामा आला. नाक लाल, कान लाल." हे स्वतःच्या जोरावर वाचून झाल्यावर मूल खुदकन हसतं. ते हसू मला अजूनही जपून ठेवावंसं वाटतं, कारण अर्थ लागल्याशिवाय ते येत नाही.

पण छपाई होऊन आली तेव्हा 'ल' वेगळाच होता. बाई फळ्यावर मराठी वळणाचा पाकळीचा 'ल' काढत होत्या, आणि आमच्या कार्डांवर हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' उतरला होता. संगणकावरच्या कितीतरी अक्षरसंचांत तोच मुळात असतो, आणि तपासताना आम्हा मोठ्यांच्या डोळ्यांना तो खटकलाच नाही. २००९ च्या शासन निर्णयानं 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं नेमून दिली आहेत. आमच्या चारांतलं एक अक्षरच मुलाला अनोळखी झालं होतं. सगळा संच पुन्हा छापला.

दुसरी अडचण ऐकण्याची होती. मूल 'ना' म्हणतं, 'क' म्हणतं, आणि तरी त्याला 'नाक' सापडत नाही. बोलताना शेवटच्या 'क'मधला अ आपण गाळतो. सुटं अक्षर म्हणताना तो ठसठशीत असतो. 'करवत' आपण कर-वत असं म्हणतो, क-र-व-त असं नव्हे. म्हणून कार्डांआधी आता काही दिवस नुसते तोंडी खेळ असतात: टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, जोडायचा, पहिला आवाज ओळखायचा. ज्या मुलाला हे जमतं त्याला 'ना'-'क' जवळ आणायला सांगावं लागत नाही. पुढे 'चार' आणि 'चारा' यांतला वेगळा 'च' येतो, तेव्हाही हाच कान कामी येतो.

वेलांटीतही आम्ही आधी दुसरी शिकवतो. ती अक्षरानंतर येते, जशी ऐकू येते तशी. पहिली वेलांटी लिहिलेली डावीकडे आणि उच्चारायची नंतर, हे पाच-सहा वर्षांच्या डोळ्याला सोपं नाही. शिवाय शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दीर्घच लागते. यावरून एका शाळेनं मोठी मागणी मागे घेतली. त्यांना पूर्ण बाराखडी ओळीनं हवी होती. वाईट वाटलं, पण क्रम बदलला नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही पालकांना फोनवर शिकवायला लागलो. धंदा म्हणून ते वर्ष कठीण गेलं. मात्र रोज दहा मिनिटं मुलाला गोष्ट वाचून दाखवा, मध्ये थांबून त्याच्याशी बोला, हा आमचा आग्रह त्या वर्षापासूनचा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते: अक्षरांवरून शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. कार्डं यातली एकच बाजू सांभाळतात, हे विकतानाही आम्ही सांगतो.

आज आम्ही पाच जणी आहोत. सध्या टेबलावर जोडाक्षरांचा संच आहे आणि त्यात 'र'नं आम्हाला अडवून धरलंय. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपी होतो, 'दुसऱ्या'मध्ये आणखी वेगळा. पहिल्या मसुद्यात चारही एका पानावर होते, मुलं गोंधळली. दुसऱ्यात रफार सगळ्यात शेवटी ठेवला, तर नेहमीचे शब्द वाचायचे राहून गेले. तिसऱ्याची सुरुवात 'चक्र'पासून आहे. बहिणीनं चित्रं काढून ठेवली आहेत, कार्डाच्या मागच्या बाजूला. सोमवारी ती कार्डं घेऊन मी दुसरीच्या वर्गात बसणार आहे.