बंद करून पुन्हा चालू का करत नाही?

चतुर्थीला घरी येणारी मंडळी गणपतीपुढे हात जोडून झाले, गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीचे कौतुक करून झाले की हळूच कोपऱ्यातल्या खोलीत डोकावतात आणि दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात. गेल्या वर्षी तो समोरच्या घरातल्या वहिनींनी विचारला, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते : “बाई, हा शेवटी कॉम्प्युटरवरचा खेळच ना? मग विमानात काही बिघडलं की तासन्‌तास वही घेऊन कशाला बसता? बंद करून पुन्हा चालू का करत नाही?” तेव्हा आरतीची वेळ झाली होती, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेली. वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिकच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतला काही भाग बाजूला काढून मी बऱ्या ताकदीचा संगणक, तीन पडदे, एक जॉयस्टिक, दोन इंजिनांच्या दांड्या असलेला थ्रॉटल आणि पायांखालची रडर पेडले घेतली, आणि तेव्हापासून बहुतेक संध्याकाळी मी एअरबस ए३२० हे विमान चालवते. ‘उडवते’ असे म्हणायला मला संकोच वाटतो, कारण प्रत्यक्ष उडवण्याचे काम त्यात फार थोडे असते. गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून मुंबईला निघायचे तर आधी दोन्ही बॅटऱ्यांचा दाब २५.५ व्होल्टच्या वर आहे ना हे पाहायचे, शेपटीतले छोटे इंजिन सुरू करून वीज आणि हवा मिळवायची, आणि मग विमान कुठे आहे आणि कुठे तोंड करून आहे हे सांगणाऱ्या तीन जडत्व यंत्रणांना उत्तर दिशा सापडेपर्यंत विमान जागचे न हलवता थांबायचे. या यंत्रणांमधले लेझर जायरोस्कोप पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे मोजून उत्तर शोधतात. त्या फिरण्याचा आडवा अंश अक्षांशाच्या कोसाइनप्रमाणे बदलतो, म्हणजे विषुववृत्ताकडे जास्त असतो आणि ध्रुवाकडे जाताना कमी होत जातो, त्यामुळे पंधराव्या अक्षांशावरच्या गोव्यात जे काम थोडक्यात उरकते, त्याला नॉर्वे-स्वीडनकडे बराच जास्त वेळ लागतो. मी इतकी वर्षे फळ्यावर कोसाइन शिकवला, पण त्याच्यासाठी कुणाला विमानात खोळंबून बसावे लागत असेल हे मला ठाऊक नव्हते.

आता बिघाडाविषयी. या खोलीत काहीही बिनसले की संशयित तीन असतात : विमान, ते विमान पडद्यावर उभे करणारा संगणक, आणि मी. खऱ्या वैमानिकाला मधल्याची काळजी नसते. मला मात्र आधी हे ठरवावे लागते की समोर जे घडते आहे ते विमानाच्या स्वभावाप्रमाणे घडते आहे, की यंत्राच्या दोषामुळे, की माझ्या अज्ञानामुळे. बंद करून पुन्हा चालू केले की तिघेही एकदम निर्दोष सुटतात आणि पुरावा पुसला जातो. हे मी अनुभवाने सांगते आहे, कारण सुरुवातीला मीही वहिनींच्याच सल्ल्याप्रमाणे वागत असे.

पहिल्याच वर्षी मी मुंबईहून उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाला येत होते. विमान ३३,००० फुटांवर होते. उतरण्याचा साधा आडाखा असा की जितकी हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट सागरी मैल अंतर आधी खाली यायला सुरुवात करायची. म्हणजे सुमारे शंभर सागरी मैल आधी, सरळ रेषेत धरले तर गुहागर-जयगडच्या वर असतानाच, मोपाची तयारी सुरू व्हायला हवी. पडद्यावर ती जागा दाखवणारा बाण होता. विमान बाणापाशी आले आणि सरळ पुढे निघून गेले. रत्नागिरी गेली, मालवण गेले, आणि पेडण्याचा तो सगळा सडा, म्हणजे पठार, त्यावरच्या नव्या विमानतळासकट, माझ्या पोटाखालून ३३,००० फुटांवरच पार झाला. संगणक अडकला असे समजून मी सगळे बंद केले. दुसऱ्या दिवशी तेच घडले आणि मी पुन्हा बंद केले. तिसऱ्या दिवशी मात्र विमान तसेच पुढे जाऊ दिले आणि समोरच्या फळीवरच्या छोट्या चौकटीत उंचीचा आकडा काय लावलेला आहे तो वाचला. तो ३३,००० होता. मी तो कधी बदललाच नव्हता.

ए३२० हे विमान त्या बाणापाशी आपणहून खाली येत नाही. वैमानिकाने आधी खालची उंची लावायची असते आणि मग उंचीचा नॉब, म्हणजे फिरवायचे बटण, आत ढकलायचा असतो. या विमानात वेग, दिशा आणि उंची यांच्या नॉबना एकच व्याकरण आहे : आत ढकलला की ती गोष्ट विमानाच्या स्वाधीन, बाहेर ओढला की आपल्या हातात. मी दोन्हींपैकी काहीच केले नव्हते आणि विमान निमूटपणे शेवटची आज्ञा पाळत होते. मग मला उलटे का वाटत होते, याचाही छडा लागला. मी शिकण्यासाठी जे व्हिडिओ पाहिले होते ते बोइंग ७३७चे होते, आणि त्या विमानात खालची उंची आधीच लावून ठेवली असेल आणि चढ-उताराचा मार्ग सांभाळणारी यंत्रणा चालू असेल, तर ते त्या जागी आपोआप उतरायला लागते. एका घरची रीत दुसऱ्या घरात चालवायला गेले की जे होते तेच माझे झाले होते.

दुसरा बिघाड याहून चिवट होता, आणि तो शोधायला मला पावणेदोन महिने लागले. मधूनच ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा, सुटायचा. तो सुटला की या विमानात घोडदळाच्या चढाईच्या तुतारीसारखा कर्कश इशारा वाजतो, आणि आमच्या घरात तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातो. खऱ्या ए३२०मध्ये ऑटोपायलट चालू असताना वैमानिकाच्या बाजूची, विमान वळवायची छोटी दांडी मध्यावर जखडलेली असते, आणि ती हलवायला चांगला जोर लावावा लागतो. तो जोर लावला तरच ऑटोपायलट सुटतो. माझ्या टेबलावरच्या जॉयस्टिकमध्ये असे कुलूप नाही, फक्त स्प्रिंग आहे. तेव्हा माझा हात लागत असेल असे समजून मी हात मांडीवर ठेवून बसू लागले. तरी तुतारी वाजत राहिली.

मग वही काढली. तारीख, वेळ, उड्डाण सुरू होऊन किती मिनिटे झाली, पाऊस होता की नव्हता, पंखा चालू होता की नव्हता, असे सगळे लिहीत गेले. (पंखा कशाला, असे आमचे हे विचारत. प्रयोगात काय क्षुल्लक आहे ते आधी ठरवता येत नाही, असे मी त्यांना सांगत असे.) तीन आठवड्यांनंतर वही वाचली तेव्हा दिसले की कोरड्या दिवसांत हे क्वचितच घडते आणि सतत पाऊस असला की वारंवार. जॉयस्टिक जुळवण्याच्या पडद्यावर जाऊन, तिला स्पर्श न करता, नुसता येणारा आकडा पाहत बसले. तो स्थिर नव्हता, जळत्या समईच्या ज्योतीसारखा थरथरत होता. आत पोटेन्शिओमीटर होता, म्हणजे विजेचा प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर घासत फिरणारी टोचणी. गोव्याच्या दमट, खारट हवेत त्या पट्टीवर जे व्हायचे ते झाले होते. मध्याच्या आजूबाजूचा चार टक्के भाग ‘मृत’ ठरवून, म्हणजे तिथल्या हालचालीकडे विमानाने दुर्लक्ष करावे असे सांगून, तुतारी थांबली. पुढे मी चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरची दांडी घेतली. तिच्यात घासणारे काही नसते.

इथे प्रकरण संपायला हवे होते. नवी दांडी आल्यावर आठच दिवसांत तुतारी पुन्हा वाजली. या वेळी आकडा थरथरत नव्हता, तर एकदम उडी मारून परत येत होता. संगणक वीज वाचवण्यासाठी यूएसबीचे खाचे मधूनच झोपवत होता, आणि जागा झालेला खाचा दांडीची नव्याने ओळख करून घेताना तो झटका देत होता. ती सोय बंद केली. लक्षण एक आणि कारणे दोन, तीही एकामागून एक; नवी दांडी आणि यूएसबीची सोय या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या असत्या, तर दुसऱ्या कारणाचा पत्ता मला आजही नसता.

थ्रॉटलच्या दांड्यांचे थोडक्यात सांगते. ए३२०मध्ये उड्डाणानंतर त्या चढण्याच्या खाचेत ठेवायच्या आणि पुढे इंजिनांची शक्ती विमान स्वतः ठरवते. माझी दांडी खाचेत होती, पण समोर दांडी खाचेत आणा अशी सूचना लुकलुकत राहिली, कारण मी खाचेचा आकडा जुळवताना किंचित चुकले होते. विमान बरोबर होते, माझे डोळे बरोबर होते, मधला आकडा चूक होता.

पावसाळ्याने मला आणखी एकदा फसवले. वर उंचावर सगळी विमाने हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल धरून उंची मोजतात आणि खाली येताना विमानतळाने कळवलेला त्या वेळचा दाब लावतात. त्या दिवशी तो १००५ होता आणि मी लावायला विसरले. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले तर यंत्र मला खऱ्याहून सव्वादोनशे फूट जास्त उंची दाखवत होते. ढगांतून बाहेर आले तेव्हा झाडे फार जवळ होती. याला बिघाड म्हणणे म्हणजे विमानावर अन्याय आहे.

सिम्युलेटरचा, म्हणजे जमिनीवर बसून चालवायच्या अशा विमानाचा, जन्म कसा झाला हे मला मागाहून कळले. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी १९२९च्या सुमारास पहिला उड्डाण-शिक्षक बनवला तो घरच्या ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचेच भाते आणि पंप वापरून. पेटीचा भाता फाटला तर कसा सांधायचा हे माझ्या वडिलांना येत असे. भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची. त्यामुळे भात्यावर डुलणारे विमान मला अगदी ओळखीचे वाटते. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवेत वैमानिक दगावू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्याने असे ६ शिक्षक विकत घेतले. बाहेर काहीच दिसत नसताना काट्यांवर विश्वास ठेवायला शिकवणे एवढेच त्यांचे काम होते.

माझा एक जुना विद्यार्थी आता वैमानिक आहे. त्यालाही ठरावीक काळाने मोठ्या सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. तो एकदा घरी आला असता म्हणाला, “बाई, आमच्याकडे बिघाड सर देतात, त्यामुळे बिघाड आहे हे तरी नक्की असतं. तुमचं अवघड आहे.” त्याने माझे विमान मोपाला छान उतरवले आणि थ्रॉटलची दांडी फार हलकी आहे अशी तक्रार केली.

मी कधीच बंद करत नाही असे मात्र नाही. संगणकावरच्या मूळ खेळाला मागाहून जोडलेल्या नव्या विमानांमुळे किंवा विमानतळांमुळे सगळेच कोलमडू लागले, तर निम्मी जोडणी काढून पाहायची, दोष राहिला तर उरलेल्यांतली निम्मी काढायची. बत्तीस जोडण्यांमधली एक बिघडलेली पाच खेपांत सापडते, आणि प्रत्येक खेपेला बंद करून चालू करावेच लागते. ऐन उतरताना घरची वीज गेली की तो निर्णय आपल्या हातात नसतोच.

सध्या डावा पडदा साधारण चाळीस मिनिटांनी क्षणभर काळा होतो. वहीत सात नोंदी झाल्या आहेत, आणि सातही वेळा पंखा बंद होता. आज दाबोळीहून पंखा लावून निघणार आहे. बाकी काही बदलणार नाही.