एवढं होऊनही चर्चला कशा जाता?

“वहिनी, एवढं सगळं होऊनही तुम्ही दर रविवारी चर्चला कशा काय जाता?” शेजारणी विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर ज्यांची ओळख झाली, त्या बायका तर फोन करून विचारतात. त्यात खोच नसते. त्यांच्याही घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, असं डायलिसिस सुरू झालं. बाहेरच्यांना मशीन दिसतं. घरच्यांना दिसतो तो पाण्याचा हिशेब. पाणी, चहा, आमटी, ताक सगळं धरून दिवसाला साधारण लिटरभर. पोटॅशियम वाढतं म्हणून केळं बंद, शहाळं बंद. कोल्हापूरच्या माणसासमोर पांढऱ्या रश्श्याची वाटी अर्धी करून ठेवायची म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. मे महिन्यात हे बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायचे. मी त्यांच्यादेखत पाणी प्यायचं सोडलं होतं.

भेटायला येणारे दुखण्याची कारणं सांगायचे. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. यातून काहीतरी चांगलंच निघेल. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एक बाई प्रार्थना आटोपल्यावर यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, “विश्वास कुठंतरी कमी पडतोय.” हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते वाक्य मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

त्या दिवसांत मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं. काही दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाची ती गोष्ट. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्द न बोलता. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. आणि शेवटी देवाचा राग कुणावर होतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ईयोब म्हणजे सहनशील माणूस एवढंच शिकले होते. तो किती बोलला आहे देवाला, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यापुढचं दार उघडलं. ते घरी आले, यांच्याकडे पाहिलं आणि बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे स्तोत्र वळत नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर साहेबांनी पुस्तक मिटलं आणि खुलासा केला नाही. हे बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हणजे असंही बोललं तरी चालतं की.” त्या रात्रीपासून आमची घरची प्रार्थना बदलली. ‘हे प्रभू, तुझी इच्छा’ म्हणण्याआधी आम्ही आमची इच्छा स्पष्ट सांगू लागलो. रागही सांगू लागलो. वधस्तंभावर येशूनं स्वतः बाविसाव्या स्तोत्राचाच आक्रोश केला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मग आम्ही कशाला लपवायचं?

तुम्ही ज्याला बळ म्हणता ते मला असं मिळालं. एकदम नाही, आणि साठवून ठेवण्याइतकं कधीच नाही. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, रोज त्या दिवसापुरता मिळायचा, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. सोमवारी रात्री मी बुधवारच्या डायलिसिसची काळजी करायला बसले की हातपाय गळायचे. बुधवार उजाडला की मात्र उठून रिक्षा बोलवता यायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तर हे फारच उघड दिसलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पंपिंग स्टेशनं पुरात बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं द्रावण लागतं, आणि ते शुद्ध करताना आणखी पाणी वाया जातं. सगळी भिस्त टँकरवर. वेळा बदलल्या, तास कमी झाले. मी प्रार्थना करत होते, पण शब्द सुचत नव्हते. शाहूपुरीतल्या तरुण संघाची मुलं यांना मोटारीतून लांबच्या रस्त्यानं घेऊन गेली. घरच्या पाण्याची सोय केली ती समोरच्या मराठा कुटुंबानं. त्यांच्या बोअरचं पाणी त्यांची दोन्ही मुलं कळशांनी आणून द्यायची. देवानं मदत केली असं मी म्हणते तेव्हा मला हीच माणसं दिसतात, आणि त्यानं देव कुठं लहान होत नाही.

काहीजण पुढं विचारतात, “पण प्रार्थना ऐकली नाहीच ना शेवटी?” यांना बरं कर, ही प्रार्थना मान्य झाली नाही. हे २०२२ मध्ये गेले. येशूचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषित पौलानंही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं होतं, तो निघाला नाही. कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर दुःख थांबलं असं झालं नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. त्या बायबलला हात लावताना मला हे आठवतं.

म्हणून जाते मी चर्चला. तिथं मला रडता येतं आणि कुणी कारण विचारत नाही. तुमच्या घरी डायलिसिस सुरू झालं असेल तर निरोप पाठवा. डबा कुठल्या वारी हवा, तेवढं सांगा. येताना पिशवीत बायबल असेल, पण तुम्ही म्हणालात तरच काढीन.