भिंतीची खपली आणि ६४० फ्रेम

दिवाळीनंतर आमच्या सदाशिव पेठेतल्या बोळातली एक जुनी कंपाउंड भिंत पाडली, आत वाड्याच्या जागी बिल्डिंग होतेय. त्या भिंतीवर मी लहानपणापासून काय काय बघितलंय, मंडळाचं नाव, इलेक्शनच्या निशाण्या, दहावी-बारावीच्या क्लासची जाहिरात, आणि शेवटची काही वर्षं पोरं रात्री येऊन स्प्रेनं मोठ्ठाली अक्षरं काढायची ती. राडारोड्यात तळहाताएवढी रंगाची खपली पडलेली दिसली, कड बघितली तर नुसते पट्टेच पट्टे. वॉचमनकाकांना विचारलं नेऊ का, ते म्हणाले "न्या की, टेम्पोत भरून जाणारच आहे सगळं."

जेमतेम ४ मिलिमीटर जाड, आणि भिंगातून मोजले तर ३७ थर!

ठरवलं की हे वरून थोडं थोडं घासायचं आणि दर वेळी एक फोटो काढायचा, मग ते फोटो ओळीनं लावून फिल्म करायची, म्हणजे स्टॉप मोशन. आयडिया काही नवीन नाही, १९२० च्या दशकात जर्मनीत ऑस्कर फिशिंगर यांनी मेणाच्या ठोकळ्याचे पातळ काप काढणारं मशीनच बनवलं होतं, एक काप गेला की कॅमेऱ्याची एक फ्रेम. आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी हरिश्चंद्राच्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप असंच थोडं थोडं शूट करून वाढताना दाखवलं होतं, ते मला सारखं आठवत होतं. फक्त त्यांचं रोप वाढत होतं, माझी भिंत झिजत होती.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे कोरडं घासू नका. आपल्याकडे घरच्या रंगांत शिशाची ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं किती असेल काही भरवसा नाही. मी वॉटर पेपर वापरला, ४०० नंबरचा, पाणी लावून, एन ९५ मास्क घालून, आणि घरातली लहान मुलं लांब ठेवून.

खपली अराल्डाइटनं प्लायवर चिकटवली. टेबलावर दोन पट्ट्यांचा काटकोन ठोकला म्हणजे धुवून आणली की प्लाय बरोबर त्याच जागी बसतो. मोबाइल स्टँडला, फोकस आणि एक्सपोजर लॉक, खिडकीला चादर, एकच एलईडी दिवा. दहा हात मारायचे, धुवायचं, पुसायचं, फोटो. असं अकरा रात्री.

पहिल्या रात्री मी घाण चूक केली. काही फोटो ओल्या खपलीचे घेतले काही सुकल्यावर, आणि ओला रंग गडद दिसतो, त्यामुळे पहिल्या ७० फ्रेम नुसत्या फडफडतात. परत काढता येत नाहीत ना! तो थर पाण्याबरोबर मोरीत गेलेला असतो, दुनियेत तो आता फक्त माझ्या फोटोत आहे. त्यानंतर मी हेअर ड्रायरनं पूर्ण सुकवल्याशिवाय एकही फोटो घेतला नाही.

पण जे दिसतं ना ते मी कल्पनाही केली नव्हती. भिंत सपाट नसते, म्हणून थर एकदम सरकन बदलत नाही, लाल रंगात आधी मोहरीएवढा हिरवा ठिपका उगवतो, त्याचं बेट होतं, बेटं एकमेकांना भिडतात आणि लाल कडेला पळतो. ऑइल पेंट चिवट, वीस-वीस फ्रेम हलत नाही, आणि खालचा चुना लागला की चारपाच फ्रेममध्ये विरघळल्यासारखा जातो. जाहिरातीच्या काळ्या अक्षराचा एक तुकडा आला, कुठलं अक्षर होतं देव जाणे, बारा फ्रेम म्हणजे बरोबर एक सेकंद दिसला आणि गेला.

एकूण ६४० फ्रेम, ५३ सेकंद. मग मी ते उलटं लावलं, म्हणजे तळापासून भिंत परत रंगत वर येते. बाबांना दाखवलं, ते त्याच गल्लीत वाढले. सुरुवातीलाच म्हणाले "थांब थांब, मागे घे, हा निळसर पांढरा म्हणजे नीळ घातलेला चुना, दिवाळीच्या आधी आम्ही पोरं लावायचो." मी तिथेच पॉज करून मोबाइल त्यांच्या हातात दिला. चष्मा वर करून, अगदी डोळ्यांजवळ धरून ते बराच वेळ बघत बसले.